होज चढवताना काय लावावं

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये रेडिएटरचा वरचा होज बदलायचं काम चाललं होतं. जुना होज तोंडाला घट्ट चिकटलेला. हाताखालचा पोरगा पेचकस खुपसून तो उचकटायला लागला, तशी मिस्त्रींनी हाक दिली, ''थांब रे, तोंड मोडशील.'' हल्लीच्या बहुतेक रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, त्यामुळे जोर लावला की होज जागेवर राहतो आणि तोंडच तुटतं. मिस्त्रींनी ब्लेडने होजला लांबीत चीर दिली, आणि तो सालीसारखा सोलून निघाला.

इंजिनाकडचं तोंड ॲल्युमिनियमचं. त्यावरचा पांढरा खार पॉलिश पेपरने हलकेच काढला, फडक्याने पुसलं. नव्या होजवर क्लिपा आधीच ओवून ठेवल्या. पण कोरडा होज कंगोऱ्यापाशी येऊन अडला. कंगोरा मुद्दामच उंच ठेवलेला असतो, म्हणजे होज सहजी निसटत नाही. पोरग्याने सवयीने ग्रीसच्या डब्याकडे हात नेला.

या कामात सगळ्यात जास्त नुकसान त्या डब्याने होतं, असं माझं ठाम मत आहे. कूलंटचे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल सोसत नाही. तेल शोषून ते फुगतं, मऊ पडतं आणि क्लिपेखालची पकड जाते. साधं ग्रीस खनिज तेलाचंच असतं. त्या दिवशी होज सुरेख बसतो. बिघाड पुढे कधीतरी, गाडी तापलेली असताना दिसतो. झाकणबंद कूलिंग सिस्टीममध्ये साधारण एक किलो दाब असतो आणि पाणी नव्वद अंशांच्या आसपास. पकड सुटली तर ते कढत पाणी अंगावर येतं.

मिस्त्रींनी वाटीत थोडं कूलंट घेतलं, बोट बुडवून तोंडावर आणि होजच्या आतून फिरवलं. होज किंचित पिळत पुढे ढकलला, कंगोरा ओलांडताना हाताला बारीकसा हिसका बसला आणि तो पार आत गेला. होजमधून जे वाहणार तेच लावलं, म्हणजे आत काही परकं उरत नाही. रबर फारच ताठ असेल तर होजचं टोक गरम पाण्यात धरतात. कूलंट नसेल तर साबणाचं पातळ पाणीही चालतं. उरलेलं कूलंट मात्र मिस्त्रींनी लगेच डब्यात ओतून झाकण लावलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलं तर गल्लीतली कुत्री चाटतात.

हाच हिशेब प्रत्येक नळीला वेगळा करावा लागतो. ब्रेकच्या रबरांना ब्रेक ऑइलच लावायचं, कारण नावात ऑइल असलं तरी डॉट ३ आणि डॉट ४ ही खनिज तेलं नाहीत. इंधनाचे होज तेल सोसणाऱ्या, सहसा नायट्राइल रबराचे असतात, तिथे थोडं तेल चालतं. टर्बोच्या सिलिकॉन होजला तर काही निसरडं उरताच कामा नये, नाहीतर हवेच्या दाबाने तो उडतो. म्हणून तिथे उडून जाणारं स्पिरिट लावतात.

शेवटी क्लिप कंगोऱ्याच्या मागे सरकवून आवळली. कंगोऱ्यावरच आवळली तर रबर कापलं जातं. गाडी एकदा तापून पूर्ण थंड झाली की रबर थोडं दबतं, म्हणून मिस्त्रींनी मालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावलं, क्लिपेला पेचकस लावून पाहायला.