बुश छोटा, खडखड मोठी

हैदराबादेत अंबरपेठहून मूसारामबागकडे मुसी नदी ओलांडताना, किंवा गल्लीतल्या गतिरोधकावर, जुन्या मारुती ८०० चं पुढचं चाक ‘टक्‌टक्‌’ करू लागलं की मालक आधी शॉकअपच्या किमती विचारतो. दोष पुष्कळदा चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या बुशात असतो: दोन लोखंडी नळ्यांमध्ये बसवलेलं रबर, हादरे गिळणारं. ते चिरलं की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते आणि टायर कडेने झिजतो.

मारुती ८०० चं उत्पादन १९८३ ते २०१४ चाललं, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात. अख्खा आर्म बदलण्यापेक्षा नुसता बुश स्वस्त पडतो.

गाडी निव्वळ जॅकवर ठेवू नये; स्टँड हवाच. आर्म काढल्यावर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि पाइपचा तुकडा जोडला की घरगुती प्रेस तयार. नट आवळत गेलं की जुना बुश बाहेर सरकतो. नवा बसवताना ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

खरी मेख शेवटी आहे. आर्मचा बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्का आवळायचा. चाक लोंबकळत असताना आवळला, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग अलाइनमेंट. तेवढे पैसे मात्र वाचवू नयेत.