मॅलोची चाल, मीनाक्षीचे स्तवन

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात मॅलो नावाचे गाव आहे. ‘द रेक्स ऑफ मॅलो’ ही फिडलवरची नाचाची चाल त्याच गावची. दौडत्या लयीची ही चाल 18व्या शतकात छापली गेली आणि ब्रिटिश पलटणींच्या बँडबरोबर मद्रासला पोचली.

मद्रासजवळच्या मणलीला तेव्हा कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर राहत होते. बँडच्या अशा चालींवर त्यांनी संस्कृत शब्द बसवले. मॅलोच्या चालीवर ‘वंदे मीनाक्षी’ झाले, तर इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर ‘संततं पाहिमाम्’. या रचनांना नोट्टुस्वर म्हणतात. राग शंकराभरण, म्हणजे आपल्या बिलावलचे स्वर. चाल जवळजवळ तशीच ठेवून तिला देवीपुढे उभे करण्याची ही हिंमत थक्क करणारी आहे! दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी व्हायोलिन शिकले आणि हे वाद्य कर्नाटक संगीतात रुजले.

यात मराठी धागाही आहे. तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसरे सरफोजी (राज्यकाळ 1798-1832) मराठीत रचना करीत आणि पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही पदरी बाळगत. दीक्षितरांचे शिष्य असलेले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ सरफोजींच्याच दरबारात होते. वडिवेलूंनी पुढे त्रावणकोरात व्हायोलिन गाजवले. तिथल्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना 1834 मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले.

‘वंदे मीनाक्षी’ दक्षिणेतली मुले आजही शिकतात. तीच चाल ‘द क्वाएट मॅन’ (1952) या चित्रपटातही ऐकू येते.