छोटी आगगाडी : नियंत्रण जुने की अंकीय?

रुळांवर दोन इंजिने ठेवून आपल्याला त्यांतले एकच चालवायचे आहे. जुन्या पद्धतीत आपण रुळांना ० ते १२ व्होल्ट दिष्ट दाब देतो. दाब वाढला की वेग वाढतो, ध्रुव बदलले की दिशा बदलते. पण वीज दोघांनाही मिळते व दोन्ही धावतात! म्हणून रुळांचे विद्युतरोधित भाग पाडून प्रत्येकाला वेगळे बटण लावावे लागते.

अंकीय पद्धतीत दाब कायम असतो, फक्त ध्रुव झपाट्याने उलटतात. अर्धा स्पंद ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर १, १०० चा असेल तर ०. या अंकांतून पत्ता व आज्ञा जाते. इंजिनातला परिपथ आपला पत्ता ओळखला तरच मोटार चालवतो.

एकच गाडी असेल तर जुनी पद्धत स्वस्त, शिवाय ध्रुवांचा परिणाम मुलांना स्वतः पडताळता येतो. अनेक गाड्या हव्यात? मग अंकीय, मात्र प्रत्येक इंजिनात परिपथ बसवण्याचा खर्च आपण आधीच धरू.