विममध्ये एकदम अनेक ओळी कॉमेंट आणि अनकॉमेंट कशा करायच्या?

कोडमध्ये चूक सापडत नसेल तर ओळी डिलीट करायची घाई करू नका. आधी त्या कॉमेंट करून बघा. कॉमेंट केलेली ओळ फाइलमध्ये तशीच राहते, पण प्रोग्राम ती वाचत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा फैजपूरच्या एका मुलाने घरच्या केळीच्या हिशेबासाठी पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. २० क्विंटल माल, भाव १,५०० रुपये, म्हणजे ३०,००० रुपये. त्यातून हमाली ६००, वाहतूक ९००, उचल ५,००० आणि जुनी बाकी १,५०० वजा. वहीत २२,००० येतात, पण स्क्रीनवर १७,०००! वजाबाकीच्या ४ ओळी १२ ते १५ नंबरवर आहेत. चूक त्यातच आहे का?

कॉमेंट करण्यासाठी

१. एस्केप दाबा. १२ व्या ओळीवर जाऊन शून्य दाबा, कर्सर ओळीच्या सुरुवातीला येईल.
२. कंट्रोल + व्ही दाबा. विंडोजवर यामुळे पेस्ट होत असेल तर कंट्रोल + क्यू वापरा.
३. जे ३ वेळा दाबा. चारही ओळी निवडल्या जातील.
४. शिफ्ट + आय दाबून # आणि एक स्पेस टाइप करा.
५. एस्केप दाबा.

इथेच बरेच जण गोंधळतात. टाइप करताना # फक्त पहिल्या ओळीवर दिसतं. एस्केप दाबल्यावरच ते बाकीच्या ओळींवर उमटतं. चुकलं तर यू दाबा, सगळं पूर्ववत.

आता स्क्रिप्ट चालवली तर ३०,००० येतात. म्हणजे वजन-भावाचा गुणाकार बरोबर आहे, गडबड या ४ ओळींतच आहे.

अनकॉमेंट करण्यासाठी

पुन्हा ओळीच्या सुरुवातीला या, कंट्रोल + व्ही, हव्या तितक्या ओळींसाठी जे, मग एल एकदा (# आणि स्पेस असे २ रकाने निवडले जातात) आणि शेवटी एक्स. आपण # अगदी सुरुवातीला टाकलं होतं, त्यामुळे मूळ इंडेंटेशन जसंच्या तसं परत येतं.

एकेक ओळ उघडत जा. तिसऱ्या ओळीपर्यंत २३,५०० येतात, ते बरोबर. चौथी उघडली की १७,०००. म्हणजे जुन्या बाकीत उचलीचे ५,००० पुन्हा धरले गेलेत. ओळी डिलीट केल्या असत्या तर ही चूक शोधायला सगळं परत लिहावं लागलं असतं.

हे लक्षात ठेवा

- इफच्या आतल्या सगळ्याच ओळी कॉमेंट केल्या तर पायथॉन एरर देतो. तिथे तात्पुरतं पास लिहा.
- कॉमेंट मराठीत लिहिली तरी पायथॉन ३ ला चालते. पण नंतर कीबोर्ड इंग्रजीवर आणा, नाहीतर एस्केपनंतर जे, एक्स वगैरे कमांड चालणार नाहीत.
- निओविम ०.१० (२०२४) पासून ही सोय आतच आहे. जी-सी-सी दाबलं की ओळ कॉमेंट, पुन्हा दाबलं की अनकॉमेंट. आधी ४ दाबलं तर एकदम ४ ओळी.

आणि हो, काम झाल्यावर एकदा फाइल वरून खाली बघा. एखादी वजाबाकी कॉमेंटमध्येच राहिली, तर पुढच्या मालाचा हिशेबही चुकेल.