ट्रॉम्बे येथील घरगुती चित्रफिती आणि त्यांच्या अंकीय प्रतींचें स्वरूप

१. ट्रॉम्बे हें नांव उच्चारतांच अणुभट्टीचें स्मरण व्हावें, हें साहजिक आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं येथें ‘अप्सरा’ ही भट्टी सुरू झाली आणि १९६७ सालीं येथील संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र हें नांव मिळालें. या घटनांची नोंद सरकारी दप्तरांत झालेली आहे. परंतु त्या कुंपणाबाहेर जी वस्ती नांदली, तिचा वृत्तांत कोणत्या दप्तरांत शोधावा? कोळीवाड्यांतील लग्नें, अणुशक्तिनगरांतील गणेशोत्सव, १९७६ सालीं जनता कॉलनींतून उठवून चिता कॅम्पांत आणलेल्या कुटुंबांचे घरगुती समारंभ, यांचें टिपण कोणताही कारकून करीत नसतो. १९८० नंतरच्या दोन दशकांत मुंबईंतील पुष्कळ कुटुंबांनीं असे प्रसंग व्हिडिओ कॅसेटवर चित्रित करून घेतले. वधूवरांच्या मागें दिसणारें घर, खाडीचा कांठ, पाहुण्यांचा पेहराव, हळदीच्या वेळची बोली, हें सर्व अशा फितींत नकळत नोंदलें जातें. आणि इतिहासाच्या दृष्टीनें ही नकळत झालेली नोंदच पुष्कळदां मुख्य प्रसंगाहून अधिक मोलाची ठरते. अशी फीत संगणकावर उतरवितांना ती कोणत्या प्रकारच्या फाइलींत ठेवावी, एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२. हा विचार लांबणीवर टाकतां येत नाहीं, याचीं कारणें दोन. फितीवरील चुंबकीय कण ज्या चिकट द्रव्यानें धरून ठेवलेले असतात तें दमट हवेनें सुटूं लागतें, आणि खाडीकांठच्या पावसाळी हवेंत फितीवर बुरशी धरण्यास वेळ लागत नाहीं. दुसरें कारण यंत्राचें. व्ही. एच. एस. पद्धति १९७६ सालीं जपानांत निघाली. तिचीं यंत्रें बनविणाऱ्या अखेरच्या ज्ञात कंपनीनें, म्हणजे फुनाईनें, जुलै २०१६ मध्यें उत्पादन थांबविलें. फीत शाबूत पण वाचणारें यंत्र नाहीं, अशी स्थिति झाल्यास ती फीत मुकी झाली असेंच म्हणावें लागेल. यामुळें एकाच फितीची प्रत पुनः पुनः घेण्याची संधि मिळेल असें कोणीं गृहीत धरूं नये. घ्यावयाची ती प्रत पहिल्याच वेळीं नीट घेतली पाहिजे.

३. फितीवर मूळांत काय आहे, हें प्रथम समजून घेऊं. आपल्याकडील पाल पद्धतींत एका चित्राच्या ६२५ ओळी असतात व त्यांपैकीं ५७६ ओळींत दृश्य चित्र असतें. सेकंदास २५ चित्रें येतात. परंतु प्रत्येक चित्र दोन अर्धचित्रांचें बनलेलें असून एकांत विषम व दुसऱ्यांत सम ओळी असतात. हीं ५० अर्धचित्रें निरनिराळ्या क्षणांचीं असतात, म्हणून हालचाल सफाईदार दिसते. व्ही. एच. एस. फितीचें चित्र आडव्या दिशेनें पुष्कळच पुसट असतें, हें खरें. परंतु सर्व ओळी व दोन्ही अर्धचित्रें तिजवर असतात. तीं प्रतींत उतरलीं तरच प्रत पूर्ण झाली.

४. फाइलीविषयीं एक घोटाळा नेहमीं आढळतो. फाइलीच्या नांवापुढें एमपी४, एव्हीआय किंवा एमकेव्ही अशीं अक्षरें असतात. त्यांवरून आंतील चित्राची प्रत कळते अशी समजूत आहे. ती चुकीची होय. जुन्या दप्तरांचा अभ्यास करणारांस हा भेद सहज समजेल. कागद ज्या रुमालांत बांधलेले असतात तो रुमाल निराळा आणि कागदावरील लिपि निराळी. वरील अक्षरें रुमालाचें नांव सांगतात. चित्र कोणत्या रीतीनें लिहिलें आहे, हें ज्यास कोडेक म्हणतात त्यावर अवलंबून असतें. म्हणून फीत उतरवून देणारास ‘एमपी४ द्या’ एवढेंच सांगणें अपुरें आहे. कोणता कोडेक व सेकंदास किती बिट, हें विचारलेंच पाहिजे.

५. लेखनाच्या रीती मुख्यत्वें तीन. पहिली, कांहींही न आकसतां सर्व लिहिणें; हिला एका तासास सुमारें ७५ गिगाबाइट जागा लागते. दुसरी, आकसून लिहिणें, परंतु उलगडल्यावर मूळ जसेंच्या तसें मिळेल अशा रीतीनें. एफएफव्ही१ हा कोडेक या जातीचा असून त्यास तासाला साधारण ३० ते ४० गिगाबाइट पुरतात. तिसरी, डोळ्यास चटकन् जाणवणार नाहीं तें गाळून लिहिणें. डी. व्ही.स तासाला सुमारें १३ आणि डी. व्ही. डी.च्या एमपेग-२ ला दोन ते तीन गिगाबाइट लागतात, एच.२६४ ला त्याहूनही कमी चालतात. गाळलेलें परत मिळत नाहीं, आणि अशा प्रतीची पुन्हां प्रत केली म्हणजे गाळलेल्यांतून आणखी गाळलें जातें. नकलेवरून नक्कल होत गेलेल्या बखरींत पाठभेद कसे शिरतात, हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको.

६. याचें घरगुती उदाहरण आपल्याकडे घडून गेलें आहे. २००० सालाच्या सुमारास लग्नाच्या कॅसेटी व्ही. सी. डी.वर उतरवून घेण्याची प्रथा पडली. व्ही. सी. डी.चें चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचें असतें. म्हणजे ५७६ ओळींच्या निम्म्या ओळी गेल्या आणि ५० अर्धचित्रांच्या जागीं २५ चित्रें उरलीं. तबकडी आली म्हणून कॅसेट टाकून दिली गेली असेल, तर त्या समारंभाचें अस्सल साधन नाहींसें होऊन अर्धी नक्कल राहिली. कॅसेट उरली असेल, तर तबकडीवर विसंबूं नये. मूळ फितीवरून नवी प्रत घ्यावी.

७. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून आपल्याकडे अस्सल व नक्कल यांचा विवेक रूढ झाला आहे. तोच विवेक येथें लावावा. संग्रहप्रत एफएफव्ही१ मध्यें लिहून मॅट्रोस्का या रुमालांत बांधावी, असें आमचें मत आहे. दोहोंचीही रचना उघडपणें प्रसिद्ध झालेली आहे: एफएफव्ही१ ची २०२१ सालीं व मॅट्रोस्काची २०२४ सालीं, इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या संस्थेकडून. ज्या लिपीची किल्ली सर्वांस खुली आहे ती शंभर वर्षांनींही वाचतां येईल. एकाच कंपनीच्या हातीं असलेल्या लिपीबद्दल तसें म्हणवत नाहीं. शिवाय एफएफव्ही१ मध्यें चित्राच्या प्रत्येक भागाबरोबर तपासणीचा अंक ठेवण्याची सोय आहे. त्यामुळें पुढें फाइल बिघडल्यास कोठें बिघडली तें कळतें. नातेवाइकांस पाठविण्याकरितां या प्रतीवरून एच.२६४ ची लहान एमपी४ प्रत करावी. ती वाचनप्रत होय, संग्रहप्रत नव्हे.

८. पुसट फितीसाठीं एवढी जागा कशास अडवावी, असा आक्षेप निघेल. परंतु चित्र पुसट व खरखरीत असलें म्हणजे गाळणाऱ्या कोडेकास खरखर कोणती व चेहरा कोणता हें नीट ओळखतां येत नाहीं आणि तो दोन्हीं पुसतो. हिशेबही भारी नाहीं. तीन तासांच्या दहा कॅसेटींस सुमारें एक टेराबाइट लागतो. तेवढी जागा आज एका साध्या डिस्कवर मिळते. ज्यांस तेंही परवडत नाहीं त्यांनीं एच.२६४ चीच प्रत सढळ बिटांनीं, दोन्ही अर्धचित्रें राखून घ्यावी. कांहींच न करण्यापेक्षां तें बरें. मात्र अशा वेळीं कॅसेट अधिकच जपावी.

९. आणखी कांहीं नियम थोडक्यांत सांगतों. संग्रहप्रतींत दोन अर्धचित्रें एकत्र करूं नयेत व चित्र फुगवून मोठें करूं नये; असले संस्कार वाचनप्रतीवर करावे. अमेरिकेंतील आप्तांकडून आलेली फीत बहुधा एनटीएससी पद्धतीची असते. तिच्या ४८० ओळी व सेकंदास सुमारें ३० चित्रें तशींच ठेवावीं. मिनी डी. व्ही. फितीवरील नोंद मुळांतच अंकीय असते, म्हणून ती नव्यानें न लिहितां जशीच्या तशी उतरवून घ्यावी. फाइलीच्या नांवांत तारीख, स्थळ व प्रसंग घालावा आणि चित्रांतील माणसांचीं नांवें घरांतील वडील मंडळींकडून आजच लिहून घ्यावीं. प्रती तीन असाव्या. त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं ठेवावी.

१०. पुणें येथें १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. परंतु ट्रॉम्ब्याच्या कपाटांतील कॅसेटींचा पहिला रक्षक घरधनीच होय. त्यानें पुरी प्रत राखली, तर या वस्तीचा इतिहास लिहूं पाहणारास पुढें अस्सल साधन हातीं येईल.