एका शाखेत न मावणारा विषय

कुठे : आयआयटी मुंबई, पवई. हवामान अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला. पाठबळ केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे.

पदवी : पीएचडी. मार्गदर्शक वेगवेगळ्या विभागांतले.

कार्यक्रमाशी निगडित नाव : प्रा. सुबिमल घोष, स्थापत्य अभियांत्रिकी. विज्ञान संशोधनासाठीच्या २०१९च्या भटनागर पुरस्काराचे मानकरी.

अनेक शाखा कशासाठी? : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस कोसळला. असा पाऊस कधी येईल, हे हवामानशास्त्र सांगते. पाणी कुठे तुंबेल, हे जलविज्ञान. नाले किती रुंद हवेत, हे स्थापत्य अभियांत्रिकी. कोणत्या वस्तीला आधी हलवायचे, खर्च कोणी उचलायचा, हे प्रश्न समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचे. हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा, म्हणजे अनुकूलनाचा, अभ्यास करणाऱ्या संशोधकाला या सर्वांची भाषा कळावी लागते.