घराच्या आतली विद्या

इंटिरियर डिझाइनची पदवी म्हणजे श्रीमंतांचे दिवाणखाने सजविण्याचा परवाना, असा आमचाही समज होता. तो मोडला मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या बाईंनी. १९१७ साली व्हिएन्नात शिकताना त्यांनी कामगारांच्या घरांच्या स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा गुरूंनी बजावले, की आधी कामगार कसे राहतात ते पाहून या. १९२६ मध्ये त्यांनी फ्रँकफुर्टच्या वसाहतींसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले. बाईची पावले वाचावीत म्हणून सारे हाताशी. तशी सुमारे दहा हजार झाली.

मुंबईच्या बी.डी.डी. चाळींत अख्खी बिऱ्हाडे १६० चौरस फुटांत नांदली. तेव्हा विद्यार्थ्याने रंग-पडदे मागाहून शिकावेत. आधी मोजपट्टी घेऊन अशा खोलीत दिवसभर बसावे. रात्री अंथरुणे कुठे पडतात, पाणी कुठे साठवतात, हे कळल्यावाचून पदवी अपुरीच.